ढोर कोणी ओढायचे? : नालवाडीच्या चर्मालयासंबंधी

मराठीत कातडे आणि चामडे असे दोन वेगळे शब्द आहेत. जनावराच्या अंगावरून उतरले ते कातडे. ते कुजू नये, वाळल्यावर लाकडासारखे ताठू नये म्हणून त्यावर प्रक्रिया झाली की ते चामडे. या प्रक्रियेला आपली भाषा ‘कमावणे’ म्हणते. पैसा कमावतात, अंग कमावतात, नाव कमावतात आणि कातडेही कमावतात. पहिल्या तीन कमाया करणाऱ्याला गावात मान असे आणि चौथी करणाऱ्याचे घर गावाबाहेर असे. भाषेने चौघांना एका क्रियापदावर बसवले, गावाने मात्र बसू दिले नाही.

हा विषय आज काढण्याचे कारण असे. गेल्या काही वर्षांत शहरांतल्या प्रदर्शनांतून जुन्या घाटणीच्या चामडी पिशव्यांना मोठी मागणी आलेली दिसते. टपालवाल्याची खांद्यावरची पिशवी, घोडेस्वाराची खुर्जी, शिपायाचा काडतुसांचा बटवा, असल्या वस्तूंच्या हुबेहूब प्रतिकृती हाताने शिवून विकल्या जातात. अमेरिकेत तर अठराव्या शतकातील सरहद्दीवरच्या शिकाऱ्यांच्या पिशव्या, पट्टे आणि म्याने जशीच्या तशी बनविणारे हौशी कारागीर पुष्कळ आहेत. जुनी वस्तू जुन्या रीतीनेच व्हावी, चामडे झाडाच्या सालीने कमावलेले असावे, शिवण हाताची असावी, असा त्यांचा आग्रह असतो. हा आग्रह मला खोटा वाटत नाही. मात्र ‘जुनी रीत’ म्हणजे नेमके काय, आणि ती रीत कोणाच्या हातांत होती, हे त्या पिशव्यांना लटकवलेल्या चिठ्ठीवर कोठे लिहिलेले नसते. म्हणून वर्ध्याजवळच्या नालवाडीची हकीकत सांगावीशी वाटते. जुन्या रीतीच्या चामड्याचा एक गंभीर प्रयोग आमच्या या जिल्ह्यात १९३५ साली सुरू झाला होता.

नालवाडी वर्धा शहराला लागून आहे. तेथली वस्ती मुख्यतः अस्पृश्यांची. १९३२ च्या अखेरीस विनोबा भावे तेथे राहावयास आले आणि १९३८ मध्ये पवनारला गेले. दरम्यान नालवाडीत ग्रामसेवा मंडळाचे काम उभे राहिले. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यातच अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली होती आणि जे. सी. कुमारप्पा मगनवाडीत बसून तेलघाणी, हातकागद, मधमाशा यांचा विचार करीत होते. याच वातावरणात गोपाळराव वाळुंजकरांच्या पुढाकाराने नालवाडीचे चर्मालय निघाले. अट एकच आणि कडक होती. कातडे कत्तलखान्याचे नको, आपोआप मेलेल्या जनावराचेच हवे. त्याला ‘अहिंसक चामडे’ म्हणत.

गांधींना या धंद्यात रस असण्याचे कारण निव्वळ भूतदयेचे नव्हते. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर ते स्वतः चपला शिवावयास शिकले होते. तेथल्या तुरुंगात शिवलेला एक जोड त्यांनी जनरल स्मट्सना भेट दिला होता, हे सर्वश्रुत आहे. १९३४ मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिताना त्यांनी असा अंदाज मांडला की वर्षाला सुमारे ९ कोटी रुपयांचे कच्चे कातडे देशाबाहेर जाते आणि त्यातले बरेचसे तयार माल होऊन परत येते. मेलेल्या ढोराचे कातडे, हाडे, चरबी, आतडी, शिंगे या सगळ्यांचे शास्त्रशुद्ध मोल झाले तर खेड्यातला पैसा खेड्यात राहील आणि हलका मानलेला धंदा वर येईल, असे त्यांचे म्हणणे होते. या विचाराची परीक्षा करावयाची तर आधी धंदा समजून घेतला पाहिजे. आपले बहुतेक विद्वान, या बाजूचे असोत की त्या, धंदा समजून न घेताच त्यावर बोलतात.

पहिले काम ढोर उचलण्याचे. जनावर मेले की पायांना दोर बांधून ते गावाबाहेर फरफटत नेण्याची चाल होती. दगडमातीवरून फरफटताना कातडे खरवडते, आणि पाठ खरवडली गेली तर सर्वांत मोठे नुकसान होते. कारण पाठीचे कातडे सर्वांत जाड, घट्ट आणि एकसारखे असते. जोड्याचा तळ, पट्टा, पिशवीची झडप त्याच भागातून निघते. पोटाचे कातडे सैल आणि ताणले जाणारे. म्हणजे ढोर ओढणे ही माणसाची विटंबना होतीच, शिवाय तो धंद्याचाही तोटा होता. ते गाडीवर घालून न्यावे, असे गांधींच्या आणि वाळुंजकरांच्या वर्तुळात आग्रहाने सांगत. गावाने मात्र पिढ्यान्‌पिढ्या महाराला गाडी दिली नाही. ढोरासाठी गाडी विटाळेल, हे कारण. कातड्याचा भाव त्यापायी पडला तो पडला.

दुसरे काम सोलण्याचे. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हे चार-पाच तासांच्या आत उरकावे लागते. नाहीतर आतून कूज सुरू होते आणि पुढे केस ओढताच कातड्याचा वरचा पापुद्राही निघून येतो. हनुवटीपासून पोटावरून शेपटीपर्यंत एक सरळ चीर, चारी पायांच्या आतल्या बाजूंनी चार चिरा, आणि मग सुरी बाजूला ठेवून मुठीने रेटत कातडे मांसापासून सोडवावयाचे. सुरी जितकी कमी चालेल तितके चांगले. आतल्या बाजूने सुरीचे टोक जरासे रुतले तर तेव्हा दिसत नाही, पण कमावून, ताणून, घासून झाल्यावर त्या जागी भोक उघडे पडते. पिशवी शिवणारा मग सोलणाऱ्याला शिव्या घालतो. सोलणारा कारागीर होता याचा एवढाच पुरावा समाजाने मान्य केला.

लगेच कमावणे शक्य नसेल तर मीठ लावतात. कातड्याच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा मीठ लागते. मग भिजवणे, आणि मग चुन्याचा हौद. चुन्याच्या निवळीत ते काही दिवस राहते. रोज काढून, उलटून पुन्हा घालावे लागते. केसांची मुळे सैल झाली की कातडे उतरत्या, पाठ फुगीर असलेल्या लाकडावर टाकून बोथट सुरीने केस खरवडतात आणि धारेच्या सुरीने मागचे मांस. हे काम करणाऱ्याच्या बोटांच्या पेरांना चुन्याने भेगा पडतात आणि त्या भेगांत पुढच्या हौदाचे पाणी जाते. हातमोजे कोणी देत नव्हते. त्यानंतर धान्याच्या कोंड्याच्या आंबवणात चुना उतरवतात.

आता खरे कमावणे. हिरड्याचा तुकडा चावला तर तोंड आवळून येते. हिरड्यातला तुरट अंश लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतो म्हणून तसे वाटते. कातड्यातल्या तंतूंना हाच अंश धरून बसला की त्यांना कूज लागत नाही. बाभळीच्या सालीत तो आहे, हिरड्यात भरपूर आहे, तरवडाच्या सालीत आहे. वर्ध्याच्या काळ्या मातीत बांधाबांधावर बाभूळ, आणि मेळघाटापासून गोंदियापर्यंतच्या जंगलांत हिरडा. तेव्हा माल दाराशी होता. हौदात कमावल्यास हळूहळू कडक होत जाणाऱ्या सालीच्या काढ्यांतून कातडे फिरवतात, आणि जाड कातड्याला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात.

गावोगावच्या ढोरवाड्यांत याहून वेगळी, झटपट रीत होती. चुना उतरवलेल्या कातड्याच्या कडा शिवून त्याचीच एक मोठी थैली करावयाची, ती लाकडाच्या तिकाटण्याला टांगावयाची, आत कुटलेली साल भरावयाची आणि वरून काढा ओतावयाचा. काढा कातड्यातून पाझरून खालच्या भांड्यात पडतो. तोच उचलून पुन्हा वर ओतावयाचा. काही दिवसांनी थैली उलटी टांगावयाची, म्हणजे तोंडाकडचा भागही कमावला जाईल. जुन्या चामड्याच्या कडेला ओळीने भोके दिसतात ती या शिवणीची. प्रतिकृती करणारे परदेशी हौशी अशा भोकांना ‘अस्सलपणाची खूण’ समजत असतील तर त्यांचे चुकत नाही. या रीतीत वेळ वाचतो, पण काढा सगळीकडे सारखा मुरत नाही आणि चामडे जरा रखरखीत होते. म्हणून सुधारणेच्या दृष्टीने हौद बरा. ग्रामोद्योगाच्या लोकांचा भर त्यावर असे.

काळा रंग हवा असेल तर हिराकशीचे पाणी फिरवतात. लोखंड आणि तुरट अंश यांचा संयोग होऊन चामडे काळे पडते, जशी पूर्वी हिरड्याची शाई होई. मग एरंडेल किंवा करंजाचे तेल आणि चरबी, आणि शेवटी घोटणी. अशा चामड्याला पाणी लावून साच्यावर बसवले तर ते तो आकार धरून ठेवते, त्यावर ठसा उमटतो, आणि वापराने त्याचा रंग गडद होत जातो. क्रोमने कमावलेले चामडे मऊ आणि स्वस्त असते, दिवसा-दोन दिवसांत तयार होते; जगातले बहुतेक चामडे आज तसेच होते. पण खुर्जी, म्यान, पट्टा, काडतुसांचा बटवा यांना लागणारा ताठा सालीच्या चामड्यालाच येतो. म्हणून जुन्या वस्तूची प्रतिकृती करणारा माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, ढोरवाड्याकडेच परत येत असतो.

शिवणीबद्दल थोडक्यात. रापीने कापावयाचे, आरीने भोक पाडावयाचे, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोर काढावयाच्या. एक टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. यंत्राच्या शिवणीला हे साधत नाही. प्रदर्शनातल्या चिठ्ठीवर ‘हाताची शिवण’ हे शब्द असतात ते यासाठी, आणि ते योग्यच आहेत.

पण वाचकांनी आता वरचा क्रम पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणावा. ढोर ओढले महाराने. कमावले ढोराने. शिवले चांभाराने. ढोलावर चढवले ते मांगाने. एका कातड्याच्या प्रवासाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला एक जात बांधून दिली. नुसते काम वाटले असते तर त्याला श्रमविभागणी म्हणता आले असते. येथे विटाळही पायरीपायरीने वाटला. कातडे जसजसे मांसापासून दूर जाते, कोरडे होते, बिनवासाचे होते, तसतसा ते हाताळणारा एकेक बोटभर वर सरकतो, आणि खालच्याकडे नाक मुरडतो. आपल्यातल्या चार जातींनी एकमेकींच्या घरचे पाणी न पिण्याचे एक कारण या कातड्याच्या ओलेपणात आहे. हे आपण आपसांत स्पष्ट बोलत नाही. बोलले पाहिजे.

आणि गावाचे तर्कशास्त्र पाहा. विहिरीवरची मोट ही मराठी मुलखातली सर्वांत मोठी चामडी पिशवी. ढोराने कमावलेली, त्याच्याच हातची शिवलेली. त्या मोटेचे पाणी थारोळ्यात पडे, पाटाने मळ्यात जाई, आणि तहान लागली की पाटील तेच पाणी ओंजळीने पिई. मेलेल्या बैलाच्या कातड्यातून आलेले पाणी चालत असे. ती मोट करणाऱ्याने त्याच विहिरीवर घागर बुडवली तर मात्र विहीर बाटे. विजेचे पंप आले, मोटा गेल्या. आता एखाद्या कृषी-पर्यटनाच्या केंद्रात शोभेला टांगलेली दिसते. शोभेच्या मोटेला विटाळ नसतो.

नालवाडीचे चर्मालय या पार्श्वभूमीवर तोलले पाहिजे. त्याने केलेली एक गोष्ट मी मोठी मानतो. ओल्या कातड्यापासून तयार वस्तूपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या त्याने एका छपराखाली आणल्या, आणि आश्रमात वाढलेल्या माणसाने हे काम पत्करले. पुढे कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी तर मेलेल्या जनावरांची कातडी सोलण्याचे काम स्वतः हाती घेतले. ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसाने हे करावे ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि त्यांची टिंगल करण्यात मला गोडी नाही. पण पटवर्धन एक होते. त्यांच्या मागून सवर्णांची रांग लागली नाही. धंदा फायद्याचा आहे असे ज्यांना सांगावयाचे, ते फायद्याला कधीच मागे न हटणारे लोक होते. तरी ते या फायद्याकडे फिरकले नाहीत. श्रमाला प्रतिष्ठा नाही म्हणून तो करणारा अप्रतिष्ठित, असे गांधींचे निदान. बाबासाहेबांचे निदान उलट होते: माणूस अस्पृश्य ठरवला म्हणून त्याच्या गळ्यात पडलेले काम घाण ठरले. पहिल्या निदानावर उपाय चर्मालय. दुसऱ्यावर उपाय ते काम टाकणे.

महाडला मार्च १९२७ च्या परिषदेत मृतमांस सोडण्याची हाक दिली गेली. ढोरे ओढणे बंद करण्याचा आग्रह त्याच चळवळीतून पसरला. त्यावर आपल्या हिताची चिंता वाहणारे लोक हिशेब घेऊन पुढे आले: कातडी, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न बुडेल, गरीब महार आणखी गरीब होईल. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी या जुन्या वादाची आठवण सांगितली. त्यांचे उत्तर थोडक्यात असे होते की हे उत्पन्न ५०० रुपयांचे असेल तर ते तुम्ही घ्या, ढोरे तुम्ही ओढा, आणि वर आणखी ५०० मी देतो. हिशेब मांडणाऱ्यांपैकी कोणी ते ५०० मागावयास आले नाही.

आमच्या आजोबांनी ही गोष्ट हजार वेळा सांगितली असेल. दीक्षेच्या वेळी ते विशीत होते. वर्ध्याहून नागपूरला गेले, परत आले आणि त्या आठवड्यापासून आमच्या घराने ढोर ओढले नाही. गावाने एक हंगाम कामावर बोलावले नाही. त्या वर्षी आजीने दूरच्या गावी कापूस वेचला. पणजोबांची सोलण्याची सुरी आजोबांनी विहिरीत टाकली, विळा करून घेतला नाही, हे ते मुद्दाम सांगत. मी पदवीधर झालो, प्राध्यापक झालो, ते त्या विहिरीच्या जोरावर. एम. ए.ला असताना मित्राने दिलेली सालीच्या चामड्याची एक पिशवी घरी आणली होती. आजोबांनी ती मागून घेतली, अंगठ्याने दाबून पाहिली, कड वाकवून पाहिली आणि म्हणाले, “हे पाठीचं हाय. वढेल नाही वाटत.” साठ वर्षे न केलेल्या कामाचे ज्ञान त्यांच्या अंगठ्यात शाबूत होते. ते त्यांनी आम्हाला दिले नाही. विचारले तरी देत नसत. ते ज्ञान नष्ट झाले याचे वाईट वाटणाऱ्या अभ्यासकांना मी समजू शकतो, पण त्यांच्यात बसू शकत नाही. ज्ञान राखावयाचे तर ते राखण्याची सक्ती एकाच वस्तीवर असता कामा नये. आजोबांसमोर तसा पर्याय कोणी ठेवला नव्हता.

आज स्थिती आणखी विचित्र झाली आहे. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात सुमारे १९ कोटी गायीबैल आहेत. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हणजे या राज्यात गायीबैलांचे कातडे मिळणार ते आपोआप मेलेल्या जनावराचेच. नव्वद वर्षांपूर्वी नालवाडीत जो आग्रह होता, तो आज कायद्याने झाला. आणि अशा ‘अहिंसक’ कातड्याची कथा काय? ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना तालुक्यातल्या मोटा समढियाळा येथे मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना पकडून, गाडीला बांधून, भर रस्त्यात झोडपले गेले. त्यानंतर सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर लोकांनी मेलेली ढोरे नेऊन टाकली. तुमची आहेत, तुम्ही उचला, असा त्याचा अर्थ. नागपूरच्या भाषणातला हिशेब साठ वर्षांनी पुन्हा मांडला गेला.

याच काळात दुसऱ्या टोकाला कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या मंचावर तशाच घाटाच्या चपला नाव न घेता आणल्या. ओरड झाल्यावर मूळ कबूल केले. आपल्याकडे संताप झाला तो ‘महाराष्ट्राच्या वारशा’साठी. चपलेचा घाट वारसा ठरला. ती घडवणाऱ्या चर्मकाराचे नाव त्या संतापात पुष्कळ मागे होते आणि कातडे कमावणाऱ्या ढोराचे तर नव्हतेच. मुंबईत सुधीर राजभर यांनी आपल्या पिशव्यांच्या उद्योगाला ‘चमार स्टुडिओ’ असे उघड नाव दिले, धारावीच्या कारागिरांना हाताशी धरले आणि चामड्याऐवजी टाकाऊ रबर वापरले. यातला पहिला भाग मला धाडसाचा वाटतो. दुसरा भाग कायद्याने ओढवलेल्या परिस्थितीवरचा तोडगा आहे, पण त्यात पहिली पायरीच गाळली गेली हे लक्षात घेण्यासारखे आहे. रबराला ढोर ओढावे लागत नाही.

कोणी उद्या नालवाडीत पुन्हा सालीचे चामडे करू म्हणाला तर मी विरोध करणार नाही. मात्र त्याने सुरुवात शिवणीच्या वर्गापासून करू नये. आधी ढोर उचलणारी गाडी आणि कप्पी घ्यावी, सिमेंटचा ओटा, नळाचे पाणी, हातमोजे आणि गमबूट घ्यावेत, आणि सोलणाऱ्याची जागा इतर नोकऱ्यांप्रमाणे जाहिरात देऊन, पगार लिहून भरावी. अर्ज कोणाकोणाचे आले याची यादी आमच्या त्रैमासिकाकडे पाठवावी.

मागच्या हिवाळ्यात शहरातल्या एका प्रदर्शनात मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. एका मांडणीवर शिपायाच्या जुन्या बटव्याची सुंदर प्रतिकृती होती. शिवण निर्दोष, कडा घोटलेल्या, पितळी बक्कल. सोबतच्या चिठ्ठीवर शिवणाऱ्याचे नाव होते, त्याला किती तास लागले ते होते, दोऱ्याचा प्रकार होता. माझ्या वर्गातल्या एका मुलीने विक्रेत्याला विचारले, “आणि हे कातडं कोणी सोललं?” तो चिडला नाही. थोडा विचार करून म्हणाला, “ताई, चामडं तर आम्हाला चेन्नईहून तयारच येतं.”